मिथेनचा पाठपुरावा : पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एका प्रश्नाचा इतिहास

पुण्याच्या पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. देश प्रजासत्ताक व्हायला त्या दिवशी तेवीस दिवस बाकी होते. कोनशिला त्याहून आधीची, ६ एप्रिल १९४७ ची. ती बसवली मुंबई प्रांताचे तेव्हाचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांनी. स्वातंत्र्याला अजून चार महिने अवकाश होता. राज्य हाती येण्याआधीच एवढी मोठी प्रयोगशाळा उभारायला घेणाऱ्या माणसांची जिद्द काय असेल, हे या दोन तारखा शेजारी ठेवल्या की उमगते.

गुंजीत निघणाऱ्या स्मरणिकेत या संस्थेचा इतिहास घेण्यामागे दोन कारणे आहेत. आपल्या स्टेशनातून जाणारी लोंढा-मिरज लाइन पुढे पुण्याला मिळते, आणि खानापूर तालुक्यातल्या रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना बेळगाव-धारवाडच्या पुढे पाहायचे असेल तर नजर साहजिकच तिकडे वळते. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. ज्या वायूभोवती हा इतिहास फिरणार आहे, तो आपल्या पायाखालीच तयार होतो. पावसाळ्यात भरलेल्या भातखाचराच्या चिखलात काठी खुपसली की जे बुडबुडे वर येतात, त्यात मुख्यतः मिथेन असतो. गोठ्यामागच्या गोबर गॅसच्या टाकीतून शेगडीपर्यंत येणाऱ्या वायूतही निम्म्याहून अधिक तोच असतो, साधारण ५५ ते ६५ टक्के. उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. आलेस्सांद्रो व्होल्टाने १७७६ मध्ये इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठच्या गाळातून असाच वायू बाटलीत धरला आणि पेटवून पाहिला होता. आता तर बेळगाव जिल्ह्यातून मिथेनची नळवाहिनीच गेली आहे. दाभोळहून निघून कोल्हापूर, बेळगाव, धारवाडमार्गे बंगळूरजवळच्या बिडदीपर्यंत जाणारी गेलची ही सुमारे १,००० किलोमीटरची वाहिनी २०१३ मध्ये सुरू झाली.

प्रयोगशाळेच्या पाऊणशे वर्षांचा सगळा पट इथे मांडत नाही. रंग, औषधे, कीटकनाशके, पॉलिमर, वनस्पतींचे ऊतिसंवर्धन अशा कितीतरी शाखांत तिथे काम झाले आणि त्यातल्या अनेकांचे कारखाने उभे राहिले. मी एकाच प्रश्नाचा मागोवा घेतो आहे : स्वस्त मिथेनपासून इथिलीन, बेंझीन, पेट्रोल अशी मोलाची हायड्रोकार्बन कशी करायची, आणि त्यासाठी लागणारा उत्प्रेरक कोणता? या प्रश्नाचा कारखाना पुण्यातून उभा राहिला नाही. म्हणूनच तो संस्थेच्या इतिहासात नीट नोंदला गेला पाहिजे, असे माझे मत आहे. संस्थेची उंची मोजताना तिने काय विकले ते पाहतात, तसे कुठल्या अवघड प्रश्नाशी ती किती वर्षे झुंजली हेही पाहायला हवे.

हा प्रश्न अवघड का, ते आधी सांगायला हवे. मिथेनच्या रेणूत मधोमध एक कार्बन आणि त्याभोवती चार हायड्रोजन, चौफलकाच्या चार टोकांना बसवल्यासारखे. चारही बंध एकसारखे आणि घट्ट. एक बंध तोडायला मोलमागे सुमारे ४३९ किलोज्यूल ऊर्जा लागते. रेणूला धन टोक नाही, ऋण टोक नाही, कुठे कच्चा दुवा नाही. हल्ला कुठून करावा असा प्रश्न पडतो. तापमान वाढवून बंध तोडावा, तर खरी अडचण पुढेच येते. मिथेनपासून झालेले इथेन किंवा इथिलीन हे मिथेनपेक्षा लवकर प्रतिक्रिया देणारे. ज्या उष्णतेत मिथेन जेमतेम हलतो, त्या उष्णतेत हवे असलेले पदार्थ केव्हाच जळून कार्बन डायऑक्साइड झालेले असतात किंवा उत्प्रेरकावर काजळी होऊन बसलेले असतात. म्हणजे मिथेनला जागे करायचे आणि जे तयार झाले त्याला मात्र हात लावायचा नाही, असा हा खेळ.

त्यातून सुटायची एक जुनी वाट आहे. मिथेनला वाफेबरोबर निकेलच्या उत्प्रेरकावरून ८०० अंशांच्या वर नेले की त्याचे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन होतात. या मिश्रणाला सिंथेसिस गॅस, थोडक्यात सिनगॅस म्हणतात. सिनगॅसपासून मग हवे ते बांधता येते : मिथेनॉल, डिझेल, पेट्रोल. आपल्या शेतात पडणारा युरियासुद्धा याच वाटेने आलेल्या हायड्रोजनवर उभा असतो. अलिबागजवळच्या थळचा आरसीएफचा खत कारखाना बॉम्बे हायच्या गॅसवर उभारला तो याच तत्त्वावर. पण ही वाट लांबची आणि खर्चाची आहे. रेणू पुरता मोडायचा, त्यासाठी प्रचंड उष्णता ओतायची आणि मग तो पुन्हा जोडायचा. मोडण्याचा टप्पा गाळून मिथेनपासून थेट इथिलीन किंवा बेंझीन मिळाले तर? जगभरच्या उत्प्रेरक संशोधकांना या प्रश्नाने चार-पाच दशके झपाटले आहे.

पुण्यात या प्रश्नासाठी जमीन कशी तयार झाली, त्यासाठी संचालकांकडे पाहावे लागते. पहिले संचालक जेम्स मॅकबेन हे कोलॉइड रसायनाचे जाणकार, स्टॅनफर्डहून आलेले. त्यांच्यानंतर १९५२ मध्ये जॉर्ज इंगल फिंच आले. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत बाटलीतल्या ऑक्सिजनचा वापर करून दाखवणारे गिर्यारोहक ते हेच. पृष्ठभागांच्या रचनेचा त्यांचा अभ्यास होता आणि उत्प्रेरण हा शेवटी पृष्ठभागाचाच मामला आहे. १९५७ मध्ये रंगरसायनाचे अधिकारी अभ्यासक के. वेंकटरामन हे पहिले भारतीय संचालक झाले, १९६६ ते १९७८ बाळ दत्तात्रेय टिळक होते आणि त्यानंतर १९८९ पर्यंत एल. के. दोराईस्वामी.

आपल्या विषयापुरते पाहायचे तर या मालिकेत दोराईस्वामींचे स्थान वेगळे आहे. ते रसायन अभियंते होते. उत्प्रेरकावर प्रतिक्रिया कशी चालते हे केवळ रसायनाच्या भाषेत न सांगता, वायू दाण्याच्या छिद्रात शिरतो किती वेगाने, उष्णता बाहेर पडते कशी, नळीच्या कुठल्या भागात तापमान उसळते, अशा प्रश्नांचे गणित करण्याची शिस्त त्यांनी प्रयोगशाळेच्या रासायनिक अभियांत्रिकी विभागाला लावली. मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातील एम. एम. शर्मा यांच्यासह त्यांनी लिहिलेला विषमावस्था प्रतिक्रियांवरचा दोन खंडांचा ग्रंथ १९८४ मध्ये आला आणि जगभरच्या अभियंत्यांनी वापरला. मिथेनवर पुढे ज्यांनी सर्वांत चिकाटीने काम केले ते वसंत चौधरी याच विभागातले. १९७१ मध्येच दोराईस्वामी आणि चौधरी यांनी मिळून उत्प्रेरणात गॅस क्रोमॅटोग्राफी कशी वापरावी यावर विस्तृत लेख लिहिला होता. मोजमापाची ही तयारी पुढे फार कामाला आली. मिथेनच्या संशोधनात सगळी भिस्त मोजण्यावर असते. दोन-चार टक्क्यांच्या फरकावर शोध ठरतो किंवा फसतो.

बाहेरच्या घडामोडीही त्याच दिशेने ढकलत होत्या. १९७३ मध्ये तेलाच्या किमती भडकल्या, १९७९ मध्ये पुन्हा. दरम्यान १९७४ मध्ये मुंबईच्या समुद्रात बॉम्बे हायचे तेलक्षेत्र सापडले आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. तेलाबरोबर गॅसही येत होता आणि तो नेण्याची सोय पुरी होईपर्यंत त्यातला मोठा वाटा समुद्रावरच जाळून टाकावा लागत होता. उरणला गॅस उतरू लागला तेव्हा त्यातले इथेन-प्रोपेन वेगळे काढून रायगड जिल्ह्यातल्या नागोठण्याच्या संकुलात इथिलीनसाठी वापरण्याची योजना झाली. पण इथेनचे इथिलीन करणे तुलनेने सोपे. गॅसमधला सर्वांत मोठा घटक मिथेन, आणि त्याच्या वाट्याला खत किंवा चूल एवढेच होते. त्यापासून थेट रसायने मिळाली तर केवढी संपत्ती हाती येईल, हा विचार त्या काळी पुण्यातल्या संशोधकांना सुचणे अगदी स्वाभाविक होते.

याच सुमारास प्रयोगशाळेत झिओलाइटचे पर्व बहरले. झिओलाइट म्हणजे ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजनची, आरपार सूक्ष्म बोगदे असलेली स्फटिकरूप चौकट. मोबिल कंपनीने शोधलेल्या झेडएसएम-५ या झिओलाइटच्या बोगद्यांची रुंदी साडेपाच अँगस्ट्रॉमच्या आसपास, म्हणजे बेंझीनचा रेणू जेमतेम ये-जा करील एवढीच. त्यामुळे कोणता रेणू आत जाईल आणि कोणता बाहेर पडेल हे चौकटच ठरवते. डेहराडूनहून आलेले पॉल रत्नसामी आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्यात या जातीचे उत्प्रेरक बनवले आणि त्यांना नाव दिले एन्सिलाइट. प्रयोगशाळेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. १९८५ मध्ये बडोद्याच्या इंडियन पेट्रोकेमिकल्समध्ये झायलीनचे रूपांतर करण्यासाठी एन्सिलाइट वापरात आला. देशात विकसित झालेला झिओलाइट उत्प्रेरक देशातल्या मोठ्या कारखान्यात चालला, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. अशा उत्प्रेरकांची कृती परदेशी कंपन्या कुलपात ठेवत आणि दाणे विकत देत. रत्नसामी पुढे १९९५ ते २००२ या काळात प्रयोगशाळेचे संचालक झाले. मिथेनच्या कथेत झिओलाइट परत येणार आहे, म्हणून इथे थांबलो.

मिथेनच्या थेट मार्गाला जगात खरी चालना मिळाली ती १९८२ मध्ये. अमेरिकेतील युनियन कार्बाइडमधले जी. ई. केलर आणि भारतात जन्मलेले मदन भसीन यांनी अनेक धातूंची ऑक्साइडे तपासून दाखवले की योग्य ऑक्साइडवरून मिथेन आणि ऑक्सिजन नेले तर दोन मिथेन जोडले जाऊन इथेन आणि इथिलीन होतात. १९८५ मध्ये टेक्सासच्या जॅक लन्सफर्ड यांनी लिथियम मिसळलेल्या मॅग्नेशियम ऑक्साइडवर हेच आणखी चांगले करून दाखवले आणि त्याचे कोडेही उलगडले. उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावरचा ऑक्सिजन मिथेनचा एक हायड्रोजन खेचून घेतो. उरलेला मिथिल मूलक पृष्ठभाग सोडून वायूत निसटतो. तिथे असे दोन मूलक भेटले की इथेन होते. इथेनने हायड्रोजन गमावला की इथिलीन.

पुण्यात चौधरी आणि त्यांच्या गटाने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात या कामात उडी घेतली. लिथियमची एक खोड होती. ७००-८०० अंशांच्या भट्टीत ते हळूहळू उडून जाते आणि उत्प्रेरक मरतो. पुण्याच्या गटाने लॅन्थॅनमसारख्या दुर्मीळ मृदा धातूंची ऑक्साइडे मॅग्नेशियम आणि कॅल्शियम ऑक्साइडवर चढवून पाहिली. लॅन्थॅनम उडत नाही, आणि कमी तापमानालाही मिथेनला जागे करते. १९८९ मध्ये हे काम इंग्लंडच्या रसायन नियतकालिकातून प्रसिद्ध झाले आणि पुढची कित्येक वर्षे या गटाचे निबंध येत राहिले. उत्प्रेरक कुठल्या क्षारापासून बनवला, किती अंशांवर भाजला, पृष्ठभाग किती आम्लधर्मी आणि किती आम्लारिधर्मी निघाला, याचा उताऱ्यावर काय परिणाम होतो, हे एकेक करून तपासण्याची ती वर्षे होती.

अशा प्रयोगाची दिनचर्या वाचकांसमोर ठेवायला हवी, कारण संस्थेचा खरा इतिहास तिथेच घडतो. क्वार्ट्झची बारीक नळी, तिच्या मध्यभागी चिमूटभर उत्प्रेरकाचे चाळून घेतलेले दाणे, शेजारी तापमान मोजणारी तार, बाहेरून विजेची भट्टी. एका टोकाने मिथेन आणि ऑक्सिजन ठरलेल्या प्रमाणात सोडायचे. दुसऱ्या टोकाने येणारा वायू बर्फात थंड करून पाणी काढून टाकायचे आणि उरलेला गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये टोचायचा. कागदावर शिखरे उमटतात : हे मिथेन, हे इथेन, हे इथिलीन, हा कार्बन डायऑक्साइड. मग कार्बनचा हिशोब मांडायचा. आत गेलेला प्रत्येक कार्बन बाहेर सापडला पाहिजे. नाही सापडला तर तो काजळी होऊन दाण्यांवर बसला आहे किंवा मोजण्यात गफलत आहे. समजा शंभर मिथेनपैकी तीस बदलले आणि त्यातले एकवीस इथेन-इथिलीनमध्ये गेले, तर नऊ जळाले. ऑक्सिजनचे प्रमाण वाढवा, तीसचे चाळीस होतील, पण जळणारे नऊवरून वीसवर जातील. इथेन-इथिलीनचा उतारा पंचवीस-तीस टक्क्यांच्या पुढे सहजी जात नाही, या भिंतीवर जगातल्या सगळ्याच प्रयोगशाळांनी डोके आपटले.

या भिंतीला पुण्याच्या गटाने अभियंत्याच्या नजरेने भिडायचा प्रयत्न केला, आणि मला तो त्यांच्या कामातला विशेष देखणा भाग वाटतो. सगळा ऑक्सिजन नळीच्या तोंडाशी एकदम दिला तर तिथे तापमान उसळते आणि जळण वाढते. तोच ऑक्सिजन वाटेत टप्प्याटप्प्याने थोडा थोडा सोडला तर? १९८९ मध्येच त्यांनी दाखवले की असे वाटून दिल्याने मिथेन अधिक बदलतो आणि हवा तो पदार्थही अधिक मिळतो. उत्प्रेरकाचा दाणा तोच, फक्त त्याला ऑक्सिजन पुरवायची रीत बदलली. दोराईस्वामींनी लावलेली शिस्त इथे फळाला आलेली दिसते.

जुन्या वाटेकडेही त्यांनी पाठ फिरवली नाही. मिथेनला वाफेबरोबर मोडण्याची प्रतिक्रिया उष्णता खाते; ऑक्सिजनबरोबर अर्धवट जाळण्याची प्रतिक्रिया उष्णता सोडते. दोन्ही एकाच नळीत एकाच वेळी चालवल्या तर एकीची उष्णता दुसरीला पुरते आणि बाहेरून इंधन जाळण्याची गरज फार कमी होते. निकेल आणि कॅल्शियम ऑक्साइड, कोबाल्ट आणि मॅग्नेशियम ऑक्साइड अशा जोड्या घेऊन त्यांनी वायू दाण्यांवरून सेकंदाच्या हजारांश भागात नेऊनही सिनगॅस मिळवला. निकेल थेट आधारद्रव्यावर चढवले की ते त्यात मुरून निकामी होते; आधी मॅग्नेशियम ऑक्साइडचा थर देऊन मग निकेल चढवले तर काम कितीतरी वाढते, हेही त्यांनी दाखवले. वाफेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरूनही मिथेन मोडता येतो. गोबर गॅसमध्ये हे दोन्ही वायू मुळातच एकत्र असतात, त्यामुळे आपल्या भागातल्या वाचकांनी या प्रतिक्रियेकडे विशेष लक्ष द्यावे. तिच्यात काजळी धरण्याची खोड मात्र मोठी आहे.

१९९७ च्या फेब्रुवारीअखेरीस अमेरिकेच्या 'सायन्स' साप्ताहिकात वसंत चौधरी, ए. के. किनगे आणि टी. व्ही. चौधरी यांचा निबंध प्रसिद्ध झाला. रसायनाच्या भारतीय प्रयोगशाळेतले काम या साप्ताहिकात क्वचितच दिसे. ऑक्सिजन न वापरता मिथेनचे बेंझीन करण्याचा मार्ग चीनमधल्या डालियनच्या संशोधकांनी १९९३ मध्ये मॉलिब्डेनम चढवलेल्या झेडएसएम-५ वर दाखवला होता. पण तिथे तापमान ७०० अंश लागते आणि त्या तापमानालाही ऊष्मागतिकी मिथेनच्या साधारण १२ टक्क्यांच्या पुढे जाऊ देत नाही. ही मर्यादा निसर्गाची आहे, कोणताही उत्प्रेरक ती ओलांडू शकत नाही. पुण्याच्या निबंधाने प्रश्नच बदलला. मिथेन एकटा जात नसेल तर त्याच्याबरोबर दुसरे हायड्रोकार्बन पाठवायचे, सहज जागे होणारे. चौकटीत गॅलियम बसवलेल्या झेडएसएम-५ जातीच्या झिओलाइटवरून मिथेनबरोबर अल्कीन किंवा मोठी अल्केन नेली, तर ४०० ते ६०० अंशांतच मिथेन मोठ्या हायड्रोकार्बनमध्ये आणि बेंझीनसारख्या ॲरोमॅटिक संयुगांत जातो आणि त्याचे रूपांतर ४५ टक्क्यांपर्यंत पोचते, असा निष्कर्ष होता. स्पष्टीकरण असे की सोबतचे अल्कीन मिथेनकडून हायड्रोजन घेते. एकट्या मिथेनला लागू असलेली १२ टक्क्यांची मर्यादा इथे लागू पडत नाही, कारण प्रतिक्रिया आता दोघांची आहे.

एन्सिलाइटच्या काळात संस्थेने झिओलाइट घडवण्याचे जे कौशल्य कमावले, ते आणि अभियांत्रिकी विभागाने मिथेनवर घालवलेली वर्षे, ही दोन्ही या निबंधात एकत्र आली आहेत. झिओलाइटच्या कारखान्यातल्या यशाचे आणि मिथेनच्या कारखाना नसलेल्या कामाचे हिशोब वेगवेगळ्या वह्यांत ठेवता येत नाहीत, ते यामुळेच.

पुढे जे झाले तेही तेवढ्याच निष्ठेने सांगितले पाहिजे. एवढ्या मोठ्या दाव्याची तपासणी होणारच होती. २००२ मध्ये फ्रान्समधल्या क्लॉड नकाश आणि सहकाऱ्यांनी मिथेनमधल्या साध्या कार्बनच्या जागी कार्बन-१३ घेतला. हा थोडा जड पण स्थिर कार्बन. तो कुठे गेला हे माग काढून सांगता येते. गॅलियमच्या झिओलाइटवर सोबतीच्या हायड्रोकार्बनबरोबर हा खुणेचा मिथेन सोडला, तेव्हा त्याचा कार्बन ॲरोमॅटिक संयुगांत शिरल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणजे बेंझीन झाले ते सोबत्यापासून, मिथेनपासून नव्हे, अशी शंका उभी राहिली. कुठल्याही संशोधकाच्या वाट्याला येणारा हा कठीण प्रसंग. चौधरींच्या गटाने काम सोडले नाही. २००५ मध्ये के. सी. मंडल आणि एस. ए. आर. मुल्ला यांच्यासह चौधरींनी जर्मनीच्या 'अंगेवांटे केमी'त मिथेन आणि मिथेनॉल एकत्र नेऊन पेट्रोलच्या जातीची हायड्रोकार्बन मिळवल्याचे काम मांडले; या वेळी गॅलियमशिवाय जस्त, इंडियम आणि मॉलिब्डेनम चढवलेले झिओलाइटही होते. आणि २००८ मध्ये सायबेरियातल्या नोव्होसिबिर्स्कच्या बोरेस्कोव्ह संस्थेतून अलेक्झांडर स्टेपानोव्ह यांच्या गटाने चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने दाखवले की जस्त चढवलेल्या झिओलाइटवर प्रोपेनच्या सोबतीने मिथेनचा कार्बन-१३ खरोखरच ॲरोमॅटिक वलयात जाऊन बसतो.

म्हणजे सोबतीची मूळ कल्पना टिकली. कोणत्या धातूवर, कोणत्या परिस्थितीत आणि किती प्रमाणात, यावर मात्र मतभेद उरले. गॅलियमवरचे आकडे आणि जस्तावरचा पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीने दुसरी आपोआप सिद्ध होत नाही, हे मी इथे मुद्दाम नोंदवतो. स्मरणिकांमध्ये असे वाद बहुधा गाळले जातात. मला ते गाळावेसे वाटत नाहीत. पुण्यात मांडलेली एक कल्पना तपासण्यासाठी फ्रान्समधल्या आणि सायबेरियातल्या प्रयोगशाळांनी वर्षे खर्च केली, हा संस्थेचा मान आहे.

जगात या प्रश्नाचे पुढे काय झाले ते थोडक्यात. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळल्यावर अनेक कंपन्यांनी थेट मार्गाचे काम आवरते घेतले. अमेरिकेत शेल गॅस मुबलक झाल्यावर रस पुन्हा जागा झाला. सिल्युरिया नावाच्या कंपनीने २०१५ मध्ये टेक्सासमधल्या ला पोर्ट इथे मिथेन जोडून इथिलीन करण्याचा प्रात्यक्षिक प्लांट चालवला. २०१४ मध्ये डालियनच्या गटाने सिलिकाच्या चौकटीत लोखंडाचे सुटे सुटे अणू जखडून १,०९० अंशांना मिथेनचे ४८ टक्के रूपांतर दाखवले. लोखंडाचे अणू एकमेकांपासून दूर असल्याने काजळीला आधारच मिळत नाही. पण गॅसचे मोठे कारखाने आजही सिनगॅसच्या लांबच्या वाटेनेच जातात. २०११ मध्ये सुरू झालेला कतारमधला शेलचा पर्ल प्रकल्प दिवसाला १,४०,००० बॅरल द्रव उत्पादने गॅसपासून काढण्याच्या क्षमतेचा आहे, तोही त्याच वाटेवरचा.

पुण्याच्या प्रयोगशाळेत अलीकडे सी-१ रसायनाला, म्हणजे एका कार्बनच्या रेणूंपासून सुरू होणाऱ्या कामाला, नवे रूप आले आहे. मिथेनॉलमधून पाणी काढून डायमिथाइल इथर बनवण्याचा, दिवसाला २० ते २४ किलो क्षमतेचा पायलट प्लांट टी. राजा यांच्या गटाने तिथे उभा केला. डायमिथाइल इथर हे हायड्रोकार्बन नव्हे, पण ते एलपीजीत मिसळून चुलीवर जाळता येते, आणि सिलिंडरचा बराचसा गॅस आयात करणाऱ्या देशाला त्याचे मोल आहे. मिथेनॉल कोळशापासून येऊ शकते, नैसर्गिक वायूपासून येऊ शकते, आणि शेणाच्या वायूपासूनही. मिथेनला नुसते हवेत सोडणे आता परवडणारे नाही, हाही नवा दाब आहे. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर एक किलो मिथेन एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ तीसपट तापमान वाढवतो. भातखाचरे, गोठे आणि कचऱ्याचे ढीग यांतून तो निसटतो. हा विखुरलेला, थोडा थोडा मिथेन आहे. त्यासाठी कतारच्या आकाराचा कारखाना उपयोगाचा नाही. लहान, कमी तापमानाला चालणारा, गंधकाचा मारा सहन करणारा उत्प्रेरक लागेल. शेणाच्या वायूतला हायड्रोजन सल्फाइड निकेलला विषासारखा मारतो, आणि हा भाग अजून पुष्कळ काम मागतो आहे.

गुंजी, खानापूर, नंदगड परिसरातल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी शेवटी एक माहिती. एम. एस्सी. नंतर सीएसआयआर-नेट परीक्षेतून संशोधनाची शिष्यवृत्ती मिळते आणि ती घेऊन राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पीएच. डी. करता येते. त्याआधी संस्था नुसती पाहायची असेल तर राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या आसपास, फेब्रुवारीच्या अखेरीस, प्रयोगशाळा लोकांसाठी खुली ठेवण्याची तिथे पद्धत आहे. शाळांनी आधी चौकशी करून मुलांना न्यावे. उत्प्रेरणाच्या दालनात गेलात तर क्वार्ट्झची नळी आणि तिच्यातले ते चिमूटभर दाणे दाखवायला सांगा, आणि गोबर गॅसमधल्या गंधकाचा प्रश्न जरूर विचारा.